गुलमर्गला स्की शिकलात? अनुभव लिहा

यंदा फेब्रुवारीत आम्ही चौघं आठ दिवस गुलमर्गला होतो. परतल्यापासून जो तो विचारतो, "एका दिवसात जमतं का हो?" नाही जमत. म्हणूनच हा धागा काढलाय. जाऊन आलेल्यांनी मोकळेपणानं लिहा, सुरुवात मी करते.

माझा पहिला दिवस बुटांतच गेला. थंडीच्या धास्तीनं मोज्यांचे दोन जोड चढवले होते. अर्ध्या तासात बोटं बधिर! शिकवणाऱ्या काकांनी बर्फात गुडघे टेकून बुटाच्या क्लिपा सोडल्या, एक जोड काढायला लावला आणि म्हणाले, "खून चलने दो, बेटी." मोजे जास्त झाले की पाय आवळला जातो आणि उलट जास्त गारठतो. पुढचे तीन दिवस एकच धडा: स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, गुडघे वाकलेले. याला तिथे 'पिझ्झा' म्हणतात. थांबता आल्याशिवाय काकांनी वर जाऊ दिलं नाही. सहाव्या दिवशी डावीकडे पहिलं धड वळण जमलं आणि मला रडूच फुटलं.

---

मी स्नोबोर्ड घेतला होता. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, त्यामुळे तोल गेला की हात आपसूक पुढे जातात. दुसऱ्याच दिवशी मनगट मुरगळलं. मनगटाचे गार्ड घ्याच, आणि पडताना मुठी मिटा. तिसऱ्या दिवसापासून मात्र जी मजा आली, ती शब्दांत नाही सांगता येत.

---

आम्ही जानेवारी २०२४ मध्ये गेलो. बर्फच नव्हतं, सगळीकडे वाळकं गवत. चिल्लई कलानचे, म्हणजे काश्मीरच्या सगळ्यात कडक थंडीचे, चाळीस दिवस सुरू असूनही! घोडेवाले, स्लेजवाले हात बांधून बसलेले. त्यांचे चेहरे अजून डोळ्यांसमोर येतात. शक्यतो फेब्रुवारीच गाठा.

---

बऱ्यापैकी स्की येणाऱ्यांसाठी लिहितो. गोंडोलाचा (तारेवरून जाणाऱ्या केबल कारचा) पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर. वरचा उतार यंत्रानं सारखा केलेला नसतो आणि हिमस्खलनाचा धोका खरा आहे. बीकन (गाडलेल्याची जागा सांगणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आणि स्थानिक गाइड, यातलं एक जरी नसेल तरी वर जाऊ नका. वारा सुटला की दुसरा टप्पा बंद होतो. आमचे दोन दिवस तसेच गेले, पण कुरकुर करावीशी वाटली नाही. आदल्या वर्षी हिमस्खलनात माझा मित्र कमरेपर्यंत गाडला गेला होता. घसरत आलेलं बर्फ थांबलं की सिमेंटसारखं घट्ट होतं. हातांनी उकरलं जात नाही, फावडंच लागतं.

---

मी ६३ वर्षांची, स्की केली नाही. गुलमर्गच्या पायथ्याशी, तंगमर्गला गाडीच्या चाकांना साखळ्या बांधेपर्यंत जीव मुठीत होता. नंतर रोज उतारापाशी कहवा घेऊन बसायचे आणि नातीला बघायचे. चौथ्या दिवशी ती वरून एकटी आली, माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली आणि म्हणाली, "आजी, धरू नकोस, मी थांबले."