पितळी भांड्यांचे फोटो: हातातला फ्लॅश की खिडकीचा उजेड?

गोदाकाठ
नाशिकच्या भांडी बाजारातल्या मालाचे ऑनलाइन फोटो बघा. कित्येक समयांच्या पोटात ट्यूबलाइट आणि फोटो काढणारा, दोघंही दिसतात. माझं मत असं की घरी काम करायचं तर एक साधा फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून हातात घ्यावा आणि बाकी दिवे बंद करावेत.

कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, भिंगाचं छिद्र एफ ८, शटर १/१६० सेकंद, सोबत फ्लॅश दुरून पेटवणारा रेडिओ ट्रिगर. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा, तो पूर्ण काळा यायला हवा. नाही आला तर खोलीतला उजेड पितळेच्या रंगात मिसळणार. मग ए-१ मापाचा ट्रेसिंग पेपर दोन खुर्च्यांमध्ये ताणून भांड्याच्या बाजूला उभा करा, फोटोत जेमतेम येणार नाही इतका जवळ. फ्लॅश त्याच्या मागे ६० सेंमीवर, मॅन्युअल १/४ (पूर्ण ताकदीच्या पाव) पासून सुरुवात. टीटीएल (फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याने आपोआप ठरवणं) नको, चकचकीत धातू पाहून ते दर फोटोला वेगळाच हिशेब करतं.

घासलेल्या पितळेत दिव्याचंच प्रतिबिंब दिसतं. फ्लॅशचं तोंड चार बोटं रुंद, म्हणून नुसत्या फ्लॅशने एक पांढरा डाग आणि बाकी समई काळी. कागद उजळला की तोच मोठा दिवा होतो.

खिडकीवाला
सगळं मान्य, पण तांबट लेनमधला विकणारा मोबाइलवर फोटो काढतो, त्याचं काय? मोबाइलला नेहमीचा ट्रिगर बसत नाही, बाहेरचा फ्लॅश त्याच्या शटरशी जुळत नाही. उत्तरेची खिडकी, तिच्यावर तोच ट्रेसिंग पेपर, समोरून उजेड परतवायला थर्माकोल. प्रतिबिंब कुठे पडतंय ते आधीच दिसतं. फ्लॅशवाले अंधारात दगड मारतात आणि मग स्क्रीन बघतात.

गोदाकाठ
मोबाइलचा मुद्दा बिनतोड आहे. खिडकीचा नाही. उन्हाळ्यात सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतही तिरपं ऊन येतं. पावसाळ्यात एक ढग सरकला की एक-दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). मग एकाच घाटाच्या डझनभर कळश्या डझनभर रंगांच्या दिसतात.

कॅटलॉगवाला
फ्लॅश हवाच, पण हातात कशाला? ६० सेंमीवरून हात नकळत ४५ वर आला तर कागदावरचा उजेड पावणेदोन पट होतो. शिवाय कागदाचा मधला भाग जास्त उजळून कडा अंधारात राहतात आणि भांड्यात तसाच उजेडाचा गोळा दिसतो. कोन शोधेपर्यंत हातात धरा, सापडला की स्टँडवर लावा आणि पायांच्या जागी जमिनीवर चिकटपट्टी मारा.

आणि अ‍ॅमेझॉनच्या मुख्य फोटोला मागची बाजू शुद्ध पांढरी (आरजीबी २५५) लागते, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. एका फ्लॅशमध्ये भांड्यामागचा पांढरा कागद करडाच येतो, त्याला दुसरा फ्लॅश द्या नाहीतर कापून घ्या. सगळीकडे पांढरं केलं की पितळेच्या कडा विरघळतात. दोन्ही बाजूंना, फोटोबाहेर, काळ्या कार्डपेपरच्या उभ्या पट्ट्या ठेवा, कड लगेच उठून येते. ही पट्टी बहुतेक जण विसरतात.

गोदाकाठ
अंतराला उपाय आहे: फ्लॅशला ६० सेंमी सुतळी बांधा, तिचं दुसरं टोक कागदाच्या मधोमध. उंच समईला तर हातच बरा. एक फोटो दांड्यासाठी, एक वरच्या वाट्यांसाठी, कॅमेरा न हलवता. नंतर फोटो एडिटरमध्ये दोन्ही थर लाइटन मोडमध्ये एकत्र, म्हणजे प्रत्येक ठिकाणी दोनपैकी उजळ भाग राहतो.

कॅटलॉगवाला
सुतळी अंतर धरते, कोन कुठे धरते? चाळीस भांड्यांना थर जोडत कोण बसणार?

खिडकीवाला
म्हणूनच मोबाइलवाल्याने सतत जळणारं एलईडी पॅनेल घ्यावं.

गोदाकाठ
स्वस्त एलईडीत लाल कमी असतो, तांबं मेलेलं दिसतं.

खिडकीवाला
सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९५ च्या वरचं घ्या, तांबं तांब्यासारखं दिसेल. दिवा लुकलुकत असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर आडवे पट्टे येतात. बोटांच्या ठशांना मात्र तुमचा फ्लॅश आणि माझं पॅनेल दोन्ही सारखेच निर्दय, तेव्हा भांडं पुसल्यावर सुती हातमोज्यांशिवाय उचलू नका.