सरपणात अजगराचं पिल्लू गारठून पडलंय, अर्जंट मदत हवी

विहिरीवरचा: सकाळपासून बघतोय, मळ्यातल्या घरामागं सरपणाचा ढीग आहे त्यात अजगराचं पिल्लू पडलंय, थंडीनं पार गारठलंय, हलतसुद्धा नाही. मेलं तर जीवाला लागेल, म्हणून खोक्यात घालून वर शंभरचा बल्ब लावावा आणि थंडी सरली की सोडावं असं ठरवलंय. फक्त एवढंच सांगा, खोक्याला भोकं किती पाडू आणि खायला काय देऊ. भाषण नको प्लीज.

कट्टेकरी: फोटो?

बारामाही: कोमट दूध द्या बशीत. आमच्या आजोबांनी असाच एक वाचवलेला.

हौशी_सर्पमित्र: दूध अजिबात नको. सापाला ते पचत नाही, तहानेनं मरायला टेकलेला साप समोर येईल ते पितो आणि लोकांना वाटतं आवडलं. आणि अजगरच आहे हे कशावरून? लांबी किती, जाडी किती, अंगावरचे ठिपके कसे आहेत?

बारामाही: तुमचं पुस्तकी झालं, आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

हौशी_सर्पमित्र: पिताना बघितलंय, पुढं चार दिवसांनी काय झालं ते बघितलंय का?

विहिरीवरचा: फोटो निघत नाही, अंधारात आहे आणि नेट पण गचाळ. हातभर असेल, जाडजूड, तपकिरी. अजगर मी ओळखतो हो, लहानपणापासून बघतोय. भोकांचं सांगा ना.

रानभूल: खोकं वगैरे सोडा, पोत्यात घाला आणि पाच-दहा किलोमीटरवर जंगलात सोडून या, विषय संपला. मी दोन धामणी अशाच सोडल्यात.

माळावरची: रानभूल, हे चुकीचं आहे. सापाला त्याच्या टापूतली बिळं, कपारी माहीत असतात, लांब नेऊन टाकलं की तो आडोसा शोधत उघड्यावर भटकतो आणि अशा थंडीत तर पहिल्याच रात्री संपेल. साप स्वतःची उष्णता तयार करत नाही, म्हणून गारठ्यात मंद होतो आणि ऊन आलं की परत चालू. ते आजारपण नाही. बल्बखाली ठेवलात तर उलट भाजेल, नाहीतर अंगातलं पाणी आटेल. शिवाय अजगर असो वा दुसरा कुठला, रानातला साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही.

रानभूल: माझ्या धामणी जगल्या.

माळावरची: तुम्ही परत जाऊन बघितलंत का?

घरकोंबडा: अवांतर विचारतो, माझ्याकडं कानामागं लाल पट्टा असलेलं कासव आहे, ताटाएवढं झालंय, थंडीत काही खात नाही. तळ्यात सोडलं तर चालेल का?

विहिरीवरचा: अपडेट. पोरानं काठीनं लाकूड बाजूला केलं तर कुकरची शिट्टी अडकल्यावर होतो तसा फुस्स आवाज काढला, थांबेचना. म्हणजे जिवंत आहे. पोट मध्येच फुगलंय.

हौशी_सर्पमित्र: पोराला आधी मागं घ्या!! आता नीट सांगा, पाठीवरचे ठिपके साखळीसारखे एकसारख्या अंतरावर तीन ओळींत आहेत, काळी कड असलेले? की वेडेवाकडे मोठे पट्टे?

विहिरीवरचा: साखळीसारखेच. तीन ओळी. डोकं त्रिकोणी. का?

हौशी_सर्पमित्र: घोणस आहे मग. डोक्याच्या आकारावर जाऊ नका, अजगराचंही डोकं तसंच दिसतं, सगळे तिथंच फसतात. अजगराच्या अंगावर वेडेवाकडे डाग असतात, साखळी नसते. एरवी घोणस रात्री फिरते, पण थंडीत दिवसा उन्हाला येते आणि तिचा मिलनाचा काळही हाच, त्यामुळं आत्ताच जास्त दिसते. उंदीर गिळलेला दिसतोय, तो पचायला ऊब हवी म्हणून पडून आहे. मंद वाटली तरी दंश विजेसारखा करते. १९२६ वर फोन लावा, वनखात्याची हेल्पलाइन आहे.

कट्टेकरी: आणि हा माणूस तिला खोक्यात घालून भोकं मोजणार होता 🙏

बारामाही: मी फक्त दूध म्हटलेलं, हात लावा नव्हतं म्हटलं.

माळावरची: चावलीच कुणाला तर आवळून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, तो भाग न हलवता थेट मोठ्या दवाखान्यात. घोणशीवर आपल्याकडचं प्रतिविष चालतं. आणि घरकोंबडा, ते अमेरिकेतलं कासव आहे, तळ्यात सोडलं की इथल्या कासवांचं खाणं आणि उन्हाच्या जागा बळकावतं. अजिबात सोडू नका.

विहिरीवरचा: फोन केला, दोघं आले. पोत्याच्या तोंडाला पाइप लावून आकड्यानं अलगद सरकवली, पाच मिनिटांत काम. घोणसच. जवळच्याच ओढ्याकाठी झुडपात सोडू म्हणाले. पोराला सकाळी तिथून लाकडं आणायला मीच धाडलं होतं, हातपाय अजून थरथरतायत. ढीग भिंतीपासून लांब आणि दगडांवर उंच रचा असं सांगून गेलेत, शिवाय ढिगाशेजारी बाजरीची पोती होती ती हलवली, उंदीर त्यासाठीच येत होते.

रानभूल: बघा, शेवटी पोतंच लागलं ना.

घरकोंबडा: मग माझ्या कासवाचं काय करू ते तरी सांगा कुणीतरी