आबाजींची दोन घड्याळं: नागपुरात भरवशाचा कारागीर हवा
आबाजी अजनीला रेल्वेत होते. परवा त्यांच्या कपाटातून किल्लीची दोन घड्याळं निघाली, एचएमटी जनता आणि फाव्र-ल्यूबा या स्विस कंपनीचं सी चीफ. जनता चालतं, पण दिवसाला वीसेक मिनिटं मागे पडतं. तेल सुकलं असावं. सी चीफची किल्ली फिरतच नाही. मी जोर लावला नाही.

बर्डीवर एकाने झाकण न उघडताच ‘डायल नवी करून देतो, चमकेल’ म्हटलं. तसाच परत आलो. डायल रंगवली की शौकीन लोक किंमत पाडतात, आणि मला तर तो पिवळटपणाच हवाय.

महाल, इतवारी, सदरकडे मशीन पूर्ण खोलून, धुऊन, तेल घालून देणारा जुना कारागीर कोणाला माहीत आहे का? समोर उघडून दाखवणारा असला तर बरं, आतले भाग बदलले जायची धास्ती वाटते. किती घेतात साधारण? जनताचं फारसं टेन्शन नाही. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना निघाला, तेव्हापासून कित्येक वर्षं घरोघरी हीच घड्याळं होती. पण सी चीफ अस्सल की जोडजुगाड, हे मशीनवरच्या नाव-नंबराशिवाय आणखी कशावरून ओळखायचं? मुंबईला कुरिअर करायला जीव होत नाही.