मदत हवी आहे: ब्रह्मगिरी फेरीला पायात काय घालू?

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची त्र्यंबकची फेरी करायचीये, लहानवालीच, साधारण २० किमी. नाशिकहून रविवारी रात्री एसटीने जाऊन लगेच चालायला सुरुवात, सोबत आई आहे, तिची चालायची सवय चांगलीये पण तळव्यांना फोड लवकर येतात. वॉटरप्रूफ शूज वापरून बघितले, वरून पाणी आत गेलं की बाहेरच येत नाही, नुसती डबकी! व्हॅसलीन लावून सुती मोजे घातले तर ते भिजून अजूनच घासतात. अनवाणी जमणार नाही, ट्रेकिंगचे महागडे बूट घ्यायचे नाहीयेत, बजेट दीड हजारापर्यंत. रेनकोट, टॉर्च वगैरे आहे, ते सांगू नका प्लीज. मागून पट्टा असलेले फ्लोटर्स बरे की जाळीचे स्पोर्ट्स शूज आणि नायलॉनचे मोजे? चिखलात कशाची ग्रिप टिकते?