पिळताना टब अडखळून थांबतो : दोष पीसीबीचा, क्लचचा की आणखी कशाचा?

धागाकर्ती

नमस्कार. आमचे फुली ऑटोमॅटिक टॉप लोड वॉशिंग मशीन ८ वर्षे विनातक्रार चालले, परंतु गेल्या महिन्यापासून त्यातून कपडे ओलेचिंब निघू लागले आहेत. धुण्याचा भाग अगदी व्यवस्थित होतो. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत भरते, तळाचा पल्सेटर (कपडे घुसळणारी चकती) दोन्ही दिशांना फिरतो आणि कपडे नीट खळबळून निघतात. पाणी सोडण्याची वेळ आली की पाणी जाते, पण पूर्वीसारखे एका दमात जात नाही, मध्येच धार तुटते आणि पुन्हा सुरू होते. त्यानंतर पिळणे सुरू झाले की टब काही फेऱ्या घेतो, वेग पकडू लागतो आणि तेवढ्यात ‘घर्र’ असा आवाज होऊन जागच्या जागी थांबतो. थोड्या वेळाने तो पुन्हा फिरतो आणि पुन्हा तसाच थांबतो.

दोन तंत्रज्ञांना दाखवले. एकाने पीसीबी (मशीनचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बदलायला सांगितले, दुसऱ्याने क्लचसह संपूर्ण गिअरबॉक्स गेल्याचे सांगितले. दोघांनीही मशीनचे मागचे झाकण उघडून पाहिले नाही, त्यामुळे कोणत्याही मतावर खर्च करण्यास मन धजत नाही. माझ्याकडे मल्टिमीटर आणि पान्यांचा संच आहे आणि दोन्ही वापरण्याची सवय आहे. धुणे सुरळीत आणि पिळणे मात्र बिघडलेले, असे कोणत्या भागामुळे होऊ शकते, आणि सुटा भाग विकत घेण्यापूर्वी त्याची खात्री कशी करावी, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

जुना मेकॅनिक

आपल्या वर्णनातील ‘घर्र’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो ब्रेकचा आवाज आहे. फिरत्या टबवर ब्रेक लागत असेल, तर तो नको त्या वेळी कोण लावत आहे, हे शोधायचे आहे आणि त्यासाठी खालची रचना समजून घ्यावी लागेल.

या प्रकारच्या मशीनमध्ये धुण्यासाठी आणि पिळण्यासाठी एकच मोटर असते. ती बेल्टने पुली फिरवते आणि पुली गिअरबॉक्सला जोडलेली असते. गिअरबॉक्समधून वर दोन शाफ्ट जातात, एकाच्या पोटात दुसरा. आतला शाफ्ट पल्सेटर फिरवतो आणि बाहेरची पोकळ नळी कपड्यांचा टब फिरवते. धुताना पोलादी ब्रेकपट्टी बाहेरच्या भागाला आवळून धरते, त्यामुळे टब स्थिर राहतो आणि मोटरची गती गिअरमधून मंद होऊन फक्त पल्सेटरपर्यंत पोहोचते. पिळण्याच्या वेळी बाजूची एक लिव्हर ओढली जाते. त्या एकाच हालचालीने ब्रेकपट्टी सैल होते आणि क्लचच्या दातेरी चकतीत अडकलेला खटका बाजूला सरतो. खटका सरला की क्लचची गुंडाळीची स्प्रिंग दोन्ही शाफ्टना एकत्र आवळते. मग गिअरचा संबंध राहत नाही, टब आणि पल्सेटर एकजीव होऊन मिनिटाला साधारण ७०० फेऱ्यांपर्यंत जातात.

आता ही लिव्हर ओढतो कोण, तर ड्रेन मोटर. बहुतेक मशीनमध्ये ड्रेन मोटरची एकच तार पाण्याचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडते आणि त्याच ओढीत क्लचची लिव्हरही खेचते. म्हणून पाणी सोडणे आणि पिळणे ही वरून वेगळी दिसणारी दोन कामे खाली एकाच तारेला बांधलेली असतात. आपल्याकडे पाण्याची धारही तुटते आणि टबही मध्येच थांबतो. दोन्ही तक्रारी एकाच वेळी सुरू झाल्या असतील, तर माझा पहिला संशय या तारेवर आणि तिला ओढणाऱ्या मोटरवर आहे. ही लहानशी मोटर दातेरी चाकांच्या साहाय्याने काही सेकंदांत तार आत ओढते आणि वीजपुरवठा असेपर्यंत तशीच धरून ठेवते. धरून ठेवणारी तिची यंत्रणा झिजली की व्हॉल्व्हची स्प्रिंग तार परत खेचून नेते, व्हॉल्व्ह मिटतो आणि त्याच क्षणी वेगात असलेल्या टबवर ब्रेक बसतो. मोटर पुन्हा तार ओढते आणि तेच चक्र चालू राहते. असे फार दिवस चालू देऊ नये, कारण त्यात ब्रेकपट्टीचे अस्तर झिजते आणि मग चांगला असलेला गिअरबॉक्सही खरोखरच बदलावा लागतो.

येथे एक फरक लक्षात ठेवावा. पिळण्याच्या सुरुवातीला अनेक मशीन मोटरला मुद्दाम तुटक वीज देतात, म्हणजे कपड्यांतील पाणी हळूहळू निघून जाते आणि टब एकदम हेलकावत नाही. त्या वेळीही टब थांबल्यासारखा वाटतो, परंतु तो आपल्या वेगाने तरंगत राहतो आणि आवाज करत नाही. ब्रेक लागला तर तो अर्ध्या-एका फेरीत थबकतो. आपल्याकडे दुसरा प्रकार होत आहे.

क्लच खरोखर गेला आहे का, हे वीज न वापरता हाताने तपासता येते. प्लग काढून ठेवावा, नळ बंद करून पाण्याची नळी सोडावी, टब रिकामा करावा आणि मशीन मागे भिंतीला टेकवून खाली आधार द्यावा, म्हणजे ते घसरणार नाही. मागे झाकण असेल तर ते टेकवण्यापूर्वीच काढावे, म्हणजे पुली आणि लिव्हर दोन्ही दिसतील. प्रथम लिव्हरला हात न लावता टब फिरवून पाहावा. तो दोन्ही दिशांना अडलेला असला पाहिजे. याच स्थितीत पुली फिरवली तर आत फक्त पल्सेटर फिरला पाहिजे. नंतर लिव्हर हाताने पूर्ण ओढून धरावी आणि दुसऱ्या व्यक्तीला पुली पिळण्याच्या दिशेने फिरवायला सांगावे. टब आणि पल्सेटर दोन्ही बरोबर फिरले तर क्लच निरोगी आहे. लिव्हर पूर्ण ओढूनही फक्त पल्सेटरच फिरत असेल, किंवा टब करकरत घासत फिरत असेल, तर मात्र दुसऱ्या तंत्रज्ञांचे मत बरोबर ठरेल. पत्र्याच्या कडेला बोट लागून कापते, म्हणून हातमोजे घालावेत.

वीजतंत्री

वरील विवेचनाशी मी पूर्ण सहमत आहे. विजेच्या बाजूने थोडी भर घालतो.

कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरू होण्यास जोर देणारा विजेचा भाग, येथे संशयाच्या यादीतून लगेच काढता येतो. धुण्याच्या वेळी तीच मोटर आणि तोच कपॅसिटर काम करतात. तो कमजोर असता, तर भरलेल्या टबात पल्सेटर गुणगुणत बसला असता आणि एखाद्या दिशेला सुरूच झाला नसता. आपले धुणे सुरळीत आहे.

झाकणाचा स्विच मात्र तपासल्याशिवाय सोडू नये. पिळताना झाकण उघडले गेल्याचा संकेत मिळाला की मशीन लगेच ब्रेक लावते, आणि स्विच सैल असेल तर टबच्या कंपनानेही तसा संकेत जाऊ शकतो. त्याचा आवाज हुबेहूब आपण सांगता तसाच येतो. फक्त त्या दोषात पाणी सोडण्याच्या धारेवर सहसा परिणाम होत नाही, म्हणून मी त्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. प्लग काढून स्विचच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावावा, झाकण बंद ठेवून ते हलके ठोकावे आणि वाचन मध्येच तुटते का ते पाहावे. काही मशीनमध्ये खटक्याऐवजी झाकणात चुंबक असते. त्यातही तपासणी हीच राहते.

पीसीबीची खात्री करण्याचा एकच भरवशाचा मार्ग मला माहीत आहे. ड्रेन मोटरच्या दोन तारांवर, ती ओढत असताना आणि निसटत असतानाही, वीज अखंड पोहोचते का, हे पाहावे. वीज अखंड असताना तार निसटत असेल, तर पीसीबी आपले काम करत आहे आणि दोष मोटरचा आहे. वीजच थांबत-थांबत येत असेल, तर शोध वरच्या बाजूला, म्हणजे झाकणाचा स्विच, वायरचे सांधे आणि शेवटी पीसीबी, असा न्यावा. मल्टिमीटरची टोके प्लग काढलेला असतानाच चिमट्यांनी घट्ट बसवावीत, वायर बाहेर काढून ठेवाव्यात आणि मगच मशीन सुरू करावे. चालू मशीनच्या पोटात हात घालून टोके टेकवू नयेत, विशेषतः फरशी ओली असताना. मोटरच्या लेबलावर एसी किंवा डीसी यापैकी काय लिहिले आहे, ते आधी वाचून मल्टिमीटर त्यानुसार लावावा. जाता-जाता हेही सांगतो की, मोटरच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही भार शिल्लक राहू शकतो. त्याच्या टोकांना उघड्या बोटांनी स्पर्श करू नये.

घरदुरुस्ती

ड्रेन मोटर बदलायची ठरली, तर केवळ दिसण्यावरून घेऊ नका. व्होल्टेज, एसी की डीसी, आणि तार किती लांब ओढली जाते, या तीन गोष्टी जुन्या मोटरच्या लेबलाशी जुळल्या पाहिजेत. काही मोटर तार दोन टप्प्यांत ओढतात, पहिल्या टप्प्यात एक काम आणि दुसऱ्या टप्प्यात दुसरे; अशा मोटरच्या जागी एका टप्प्याची मोटर चालत नाही. जुनी काढण्यापूर्वी तारेचा आकडा कोठे अडकवला आहे, याचे दोन बाजूंनी छायाचित्र घ्यावे.

धागाकर्ती

सर्वांची अत्यंत आभारी आहे. रविवारी सकाळी सांगितल्याप्रमाणे सर्व तपासण्या केल्या.

लिव्हर मोकळी असताना टब दोन्ही दिशांना अडलेला होता आणि पुली फिरवल्यावर पल्सेटरच फिरला. भावाने लिव्हर ओढून धरली आणि मी पुली फिरवली, तेव्हा टब आणि पल्सेटर एकत्र, कोणताही आवाज न करता फिरले. झाकणाचा स्विच ठोकूनही वाचन स्थिर राहिले. त्यानंतर मल्टिमीटर चिमट्यांनी बसवून पिळण्याचा कार्यक्रम लावला आणि दोन पावले मागे उभे राहून टॉर्चच्या उजेडात पाहिले. तार सावकाश आत गेली, लिव्हर सरकली, टब फिरू लागला. साधारण १० सेकंदांनी तार एकदम सुटून बाहेर आली आणि तोच ‘घर्र’ आवाज झाला. मल्टिमीटरवरील आकडा या सर्व वेळात हलला नाही. इतका वेळ ज्या दोषाचा केवळ आवाज ऐकत होते, तो डोळ्यांनी दिसल्यावर फार समाधान वाटले.

लेबलाशी जुळणारी मोटर मागवून बसवली. दोन स्क्रू, एक जोड आणि तारेचा आकडा, एवढेच काम होते. आता पिळणे पूर्वीसारखे झाले आहे. मात्र एक नवीन गोष्ट लक्षात आली. धुताना पाण्याची पातळी हळूहळू खाली जाते आणि मशीन मध्येच पुन्हा पाणी घेते. बाहेरच्या नळीतून बारीक धार सतत वाहत असते. मोटर बसवताना माझी काही चूक झाली असेल का?

जुना मेकॅनिक

निदान अचूक झाले आहे, अभिनंदन. नवीन तक्रारीची दोन कारणे संभवतात आणि दोन्ही ड्रेन व्हॉल्व्हपाशीच आहेत.

पहिले कारण म्हणजे तार गरजेपेक्षा ताठ बसणे. मोटर विश्रांतीत असताना तारेत किंचित ढिलाई हवी, बोटाने दाबल्यास २-३ मिलिमीटर लवेल इतकी. तार ताठ असेल, तर व्हॉल्व्हचा रबर आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही आणि पाणी झिरपत राहते. अशा वेळी मोटरचे स्क्रू सैल करून ती व्हॉल्व्हच्या बाजूला थोडी सरकवावी.

ढिलाई ठीक असेल, तर व्हॉल्व्हची टोपी उघडून पाहावी. ती सहसा आट्यांची (फिरवून उघडणारी) किंवा खटक्याची असते. खाली बादली ठेवावी. जुनी मोटर व्हॉल्व्ह पूर्ण उघडून धरत नसल्यामुळे इतके दिवस पाणी संथ जात होते आणि टबच्या तळाशी साठलेला कचरा जागीच पडून होता. आता पाणी जोराने निघते, तेव्हा तो कचरा व्हॉल्व्हपर्यंत वाहून येतो. रबराच्या कडेखाली अडकलेली एक टाचणीही धार सुरू ठेवण्यास पुरेशी असते. रबर आणि बैठक मऊ कापडाने पुसावी, रबराला चीर पडली आहे का ते उजेडात वाकवून पाहावे आणि स्प्रिंग त्याच दिशेने परत बसवावी.

धागाकर्ती

तारेची ढिलाई आपण सांगितली तेवढीच होती, म्हणून टोपी उघडली. आत शर्टाच्या कॉलरमधील प्लॅस्टिकची पातळ पट्टी रबराखाली आडवी अडकली होती आणि तिच्याभोवती धाग्यांचा काळपट गोळा जमला होता. रबराला चीर नव्हती. सर्व स्वच्छ करून बसवले, टबात पाणी भरले, पातळीवर पेन्सिलने खूण केली आणि अर्धा तास थांबले. पाणी खुणेवरच होते. त्यानंतर चादरी धुतल्या, आणि त्या पिळून निघाल्या तेव्हा दांडीवर टाकताना एक थेंबही गळला नाही.