सांधा हाडात घट्ट आहे का, हे आधी पाहावे

गुडघेरोपण झालेल्या आईचे मांडीचे हाड न्हाणीघरात घसरून गुडघ्याच्या जरा वर मोडले असता प्लास्टरवर भागेल का, असे एकाने विचारले आहे. हाड जागचे हललेले नसेल तरच तो विचार होतो, आणि तेव्हाही उतारवयात आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळल्याने रक्ताच्या गुठळ्या, न्यूमोनिया आणि शय्याव्रणे (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) यांची भीती राहतेच.

खरा प्रश्न, बसवलेला कृत्रिम सांधा हाडात घट्ट आहे की ढिला झाला आहे, हा आहे. घट्ट असेल तर बहुधा लॉकिंग प्लेट (जिच्यातच स्क्रू घट्ट अडकतात अशी धातूची पट्टी) किंवा गुडघ्यातून हाडाच्या पोकळीत वर सरकवलेला रॉड पुरतो. ढिला असेल तर नुसते हाड जोडून उपयोग नसतो, लांब दांड्याचा नवा सांधा बसवावा लागतो. रॉडसाठी सांध्याच्या मांडीकडच्या धातूच्या भागात मधोमध मोकळी जागा लागते आणि ती प्रत्येक मॉडेलमध्ये नसते. म्हणून कृपया गुडघेरोपणाच्या जुन्या फाइलमधले, सांध्याचे मॉडेल आणि माप छापलेले छोटे स्टिकर शोधून सर्जनना आजच दाखवा. त्या कागदाचे महत्त्व घरात कोणाच्या लक्षातच येत नाही.

हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी व उपचारही याच वेळी मागून घ्या.