शब्दचर्चा : धाडस, साहस, धिटाई, प्रताप... पोरांच्या पराक्रमाला म्हणायचं तरी काय?

मलप्रभाकाठ

दिवाळीत आमच्या गल्लीत पोरं किल्ला करतात. यंदाचा राजहंसगड आहे. माती येळ्ळूरच्याच बाजूची आणलीय म्हणतात, खरं खोटं ती जाणोत. हळीव पेरून झालेत. किल्ल्याशेजारी एक फलक लावायचाय. कमी वयात जिवावर उदार होऊन काहीतरी करून गेलेल्यांची चित्रं आणि प्रत्येकाखाली चार ओळी. इतिहासातले आणि गोष्टींतले, दोन्ही एकत्र. यादी पोरांनीच केलीय : अभिमन्यू, कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेला संगोळ्ळी रायण्णा, नंदुरबारचा शिरीषकुमार, दिल्लीचा हरिश्चंद्र मेहरा आणि फास्टर फेणे.

गाडी अडली ती मथळ्यापाशी. एकाने लिहिलं 'धाडसी मुले', दुसऱ्याने खोडून 'बालवीरांचे पराक्रम'. तिसरी म्हणाली 'साहसकथा', तर तिचा भाऊ म्हणतो साहस म्हणजे पॅराशूट बांधून उडी मारायची, तसलं काही अभिमन्यूनं केलं नाही. शेवटी माझ्याकडे आली सगळी. मी सांगितलं, सगळ्यांचा अर्थ एकच, काहीही लिहा. रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं की एकच अर्थ नाहीय. तेव्हा जाणकारांनी सांगावं.

निपाणीकर

अर्थ कोशात बघू नका, क्रियापद बघा. धाडस *करतात*. पराक्रम *गाजवतात*. शौर्य *दाखवतात*. साहस *पत्करतात*. हिंमत *बांधतात*, धीर *धरतात*. प्रताप आणि उपद्व्याप मात्र दुसऱ्याला *निस्तरावे लागतात*. एवढ्यातच निम्मी चर्चा संपली.

आणखी एक. धाडस बारीकसारीक गोष्टीचंही असतं. 'साहेबांच्या केबिनचं दार वाजवायचं धाडस झालं नाही' असं आपण सहज म्हणतो. तिथे 'पराक्रम झाला नाही' म्हणून बघा, लोक हसतील. पराक्रम छोटा असूच शकत नाही. असलाच तर तो टोमणा असतो : 'दुधाचं पातेलं उलथवलं? काय पराक्रम!'

मलप्रभाकाठ

टोमण्यावरून आठवलं, ते सांगतोच. मी नववीत होतो, धाकटा भाऊ पाचवीत. खानापूरजवळ मामाच्या मळ्यात जुनी विहीर, निम्मी बांधलेली, निम्मी नुसती माती. मोठी पोरं त्यात मुटके मारायची. आम्हाला अजून पाठीला डबा बांधूनच पाण्यात सोडायचे. एका दुपारी शेळीचं पिल्लू आत पडलं. मोठं कोणी जवळ नव्हतं. मी मामाला बोलवायला पळालो. परत येऊन बघतो तर भाऊ मोटेच्या जुन्या दोराला धरून खाली उतरलेला, एका हातात दोर, एका काखेत पिल्लू, आणि गळ्यापर्यंत पाणी. वर काढला तेव्हा दोन्ही तळहात सोललेले. दोराचे काथ्याचे धागे कातडीत रुतून बसले होते. आज्जी ते सुईनं एकेक काढत होती आणि तोंडानं चालू : 'काय गा, लई शाणा झालास? आगाऊ कुठलं! दोर तुटला असता म्हणजे कळलं असतं.' संध्याकाळी बेळगावहून मामा परतला तो पावशेर कुंदा घेऊन, 'आमच्या धाडसी भाच्याला' म्हणून. आज्जीनं कुंद्याचा पहिला घास स्वतः भरवला, कारण त्याला हात वापरता येत नव्हते.

म्हणजे एकाच दिवसात, एकाच कृतीला दोन शब्द. दुपारी आगाऊपणा, संध्याकाळी धाडस. मधे फरक एवढाच पडला होता की दोर तुटला नव्हता.

पेन्शनर आणि पोथ्या

आपल्या आज्जींच्या बाजूनं शास्त्र आहे हो. 'साहस' हा शब्द आज पर्यटनाच्या जाहिरातीत मिरवतो, पण धर्मशास्त्रात तो गुन्ह्याचं नाव होता. 'सहस्' म्हणजे बळ. बळजबरीनं केलेलं ते साहस. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याख्याच आहे : मालकाच्या समोर, जोराने केलं तर साहस. त्याच्यामागे केलं तर ती चोरी. तिथंच पुढे म्हटलंय की शिवराळ माणूस, चोर, दंडुक्यानं मारहाण करणारा, या सगळ्यांपेक्षा साहस करणारा जास्त पापी.

गंमत अजून पुढं आहे. दंडाच्या रकमांनाही साहसच म्हणत. प्रथम साहस २५० पण (पण म्हणजे त्या काळचं नाणं), मध्यम साहस ५००, उत्तम साहस १०००. म्हणजे त्या काळात कोणी 'उत्तम साहस' म्हटलं तर पाठ थोपटून घ्यायला जाऊ नये, पैशाची पिशवी सोडावी लागायची.

तोच 'सहसा' मराठीत आला आणि थंडावला. संस्कृतात तो 'एकदम, विचार न करता'. आपल्याकडे 'तो सहसा बाहेर पडत नाही'. असो, हे विषयांतर झालं.

शहापूरची सून

मी शिकले कन्नड माध्यमात, घरी मराठी. लग्न होऊन शहापूरला आले. माझ्या डोक्यात दोन्ही भाषांचे शब्द शेजारी शेजारी राहतात, म्हणून एक भर घालते.

मराठीत *धीट*, कन्नडमध्ये *दिट्ट*. दोन्ही संस्कृत 'धृष्ट' पासून आलेत. आणि संस्कृतात धृष्ट म्हणजे उद्धट, निर्लज्ज! कन्नडमध्ये कित्तूरच्या राणी चन्नम्मांना सर्रास 'दिट्ट' म्हणतात, त्यात मानच असतो. मराठीत पाहुण्यांपुढं न लाजता कविता म्हणणाऱ्या पोरीला आपण 'धीट आहे हो' म्हणतो. मात्र हिंदीवाल्यांनी 'ढीठ' केला तो अजून जुन्या अर्थाच्या जवळच, कितीही सांगा न ऐकणारा. एका शब्दाची तीन पोरं, दोन सुधारली, एक नाही. (हिंदीवाल्यांनी रागावू नये.)

कन्नडमध्ये अजून दोन झकास शब्द आहेत. *एदेगारिके* : एदे म्हणजे छाती. आपण 'छाती लागते त्याला' म्हणतो ना, अगदी तेच. आणि *भंड धैर्य* : परिणामाची पर्वा नसलेलं, कोडगं धैर्य. मराठीत याला नेमका शब्द मला सापडलेला नाही, 'आंधळं धाडस' जवळ जातं, पण त्यातला कोडगेपणा येत नाही.

'साहस' म्हणाल तर कन्नड सिनेमाच्या नामावळीत मारामारी बसवणाऱ्याच्या नावाआधी 'साहस' असं लिहितात, आणि विष्णुवर्धन तर 'साहससिंह'. तेव्हा फलकावर 'साहस' लिहिलंत तर इथल्या निम्म्या लोकांना वाटेल की पोरं फायटिंगची प्रात्यक्षिकं करून दाखवणार.

पेन्शनर आणि पोथ्या

व्वा, ताई. 'दिट्ट' माहीत होता, पण धीटशी सांधा जुळवला नव्हता.

त्याच धृष्टाचं भाववाचक 'धार्ष्ट्य', आणि त्याचं मराठीतलं रूप धारिष्ट. रामदासांनी 'मना श्रेष्ठ धारिष्ट जीवीं धरावें' म्हटलं आणि लगेच पुढच्या चरणात नीच बोलणं सोसायला सांगितलं. म्हणजे उद्धटपणाचा शब्द सोसण्याच्या अर्थाला जाऊन पोचला. शब्दाला तरी कुठं ठाऊक असतं, कुठल्या घरी पडायचंय ते.

कॉलेजकट्टा

इतकं कशाला? आम्ही सगळे 'डेअरिंग' म्हणतो. 'डेअरिंग केलास की!' 'त्येच्यात डेअरिंग नाही.' 'लई डेअरिंगबाज.' फलकावर 'डेअरिंगबाज पोरं' लिहा. वाचायला थांबतील तरी.

निपाणीकर

थांबतील खरं. पण डेअरिंग हा समोर बघणारे असल्याशिवाय होत नाही, हे लक्षात आलंय का? पैज लागते, पोरी बघत असतात, मग डेअरिंग. एकट्यानं अंधारात केलेल्याला कोणी डेअरिंग म्हणत नाही. शेळीचं पिल्लू काढणारा भाऊ डेअरिंगबाज नव्हता, कारण विहिरीवर कोणी नव्हतंच.

कॉलेजकट्टा

हे बरोबर. मान्य. मग 'धमक'?

निपाणीकर

धमक अंगात असते, ती दिसेल तेव्हा दिसेल. केलेल्या कामाला धमक म्हणत नाहीत. तशीच रग आणि खुमखुमी, ही दोन्ही वयाची नावं आहेत, कामाची नाहीत.

गल्लीतली काकू

तुमच्या यादीत एक पण मुलगी नाही ते कोणाच्या लक्षात आलं काय? आणि 'मर्दुमकी', 'बहाद्दर', 'मर्द मराठा' हे शब्द आले की तिला जागाच राहत नाही. मुलीनं असं काही केलं की पेपरात 'धीट मुलीमुळे अनर्थ टळला'. मुलानं केलं की 'शूर'. तेवढाच फरक. 'वीरबाला' म्हणून शब्द होता, तो कुठं गेला?

पेन्शनर आणि पोथ्या

वीरबाला हा गर्ल गाइडला मराठीत काढलेला शब्द. तसाच 'बालवीर' हा स्काउटला. आमच्या शाळेत खाकी चड्डी, गळ्यात रुमाल आणि कमरेला चाकू अशी 'बालवीरांची तुकडी' असायची. आता बालवीर म्हटलं की पदक मिळालेला मुलगा समोर येतो, तो अर्थ नंतरचा.

यादीतला हरिश्चंद्र मेहरा मात्र दोन्ही अर्थांनी बालवीर. २ ऑक्टोबर १९५७ ची गोष्ट. दिल्लीच्या रामलीला मैदानावर कार्यक्रम, पंडित नेहरू बसलेले, आणि शामियान्याला आग लागली. हा चौदा वर्षांचा स्काउट खांबावर चढला आणि कमरेच्या चाकूनं जळतं कापड तोडून टाकलं. हात भाजले. मुलांच्या राष्ट्रीय शौर्य पुरस्काराची सुरुवात याच प्रसंगातून झाली. पुरस्कारात शब्द आहे 'शौर्य', बघा. सरकारला तो आवडतो. घरात तो शब्द कोणी वापरत नाही. आईनं पोराला 'फार शौर्य दाखवलंस' म्हटलं तर समजावं, आता पाठीत बसणार.

मलप्रभाकाठ

काकूंचा मुद्दा खरा आहे, चुकलंच. यादीत भर घालायला सांगतो.

आता एकेकाला शब्द लावून बघतो. शिरीषकुमारचं काय? ९ सप्टेंबर १९४२, नंदुरबार. शाळकरी मुलांची मिरवणूक, हातात तिरंगा, समोर पोलिसांच्या बंदुका. तो हलला नाही, गोळ्या लागून गेला. त्याच्याबरोबर आणखी चौघं गेले, लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम. याला 'पराक्रम' म्हणवत नाही. त्यानं कोणावर चाल केली नाही. 'धाडस' म्हणजे फारच हलकं होतं. पोरांच्या मसुद्यात 'धैर्य' होतं, मला तेच पटलं.

पेन्शनर आणि पोथ्या

बरोबर. पराक्रमात 'क्रम' आहे, म्हणजे पाऊल. पुढं टाकलेलं पाऊल. विक्रमातही तोच. (आणि अतिक्रमणातही! नगरपालिकेची नोटीस आली की आम्ही घरात म्हणतो, आमचा पराक्रम जरा गटारावर गेला.) शिरीषकुमारनं पाऊल मागं घेतलं नाही, ते वेगळं. अभिमन्यूला मात्र पराक्रम शोभतो. बाहेर पडायची वाट ठाऊक नसताना तो व्यूहात शिरला.

निपाणीकर

तो हरला तरी पराक्रमच? मग वर मलप्रभाकाठांनी 'दोर तुटला नाही म्हणून धाडस' म्हटलं, ते कुठं बसतं?

पेन्शनर आणि पोथ्या

अभिमन्यूला धर्मराजानं पाठवलं होतं. मोठ्यानं सांगितलेलं काम अंगाशी आलं तरी त्याला कोणी आगाऊपणा म्हणत नाही. भाच्याला विहिरीत कोणी पाठवलं नव्हतं.

शहापूरची सून

आणि फास्टर फेणेला तर कोणीच कधी पाठवत नाही! फुरसुंगीचा हा पोरगा स्वतःच भानगडीत नाक खुपसतो, 'ट्टॉक्' करतो आणि पुढच्या पानावर सायकलवर. घरच्यांच्या दृष्टीनं ते सगळे उपद्व्यापच. आपण वाचणारे त्याला धाडस म्हणतो, कारण आपल्याला शेवट माहीत असतो. भा. रा. भागवत त्याला सोडवणार आहेत याची खात्री असते.

खानापूर रोड

रायण्णा या फलकावर बसतो का, हा माझा प्रश्न. तो पोर नव्हता. जन्म १७९८ चा, फाशी २६ जानेवारी १८३१ ला नंदगडला. तिशी ओलांडलेला माणूस. आमचं आजोळ नंदगड, समाधीवरचा वड लहानपणापासून बघतोय. तिथं जाऊन कोणी 'साहस' वगैरे म्हणत नाही, कन्नडमध्ये 'क्रांतिवीर' आणि मराठी बायका नुसतं 'रायण्णा देव'.

पण पेन्शनर साहेबांनी सांगितलेला जुना अर्थ मात्र त्याला चपखल बसतो. कंपनी सरकारच्या दप्तरी तो गुन्हेगारच होता, मालकाच्या डोळ्यादेखत, जोराने केलेलं कृत्य. मनूच्या व्याख्येनं शंभर टक्के साहस.

मलप्रभाकाठ

हे मी पोरांना सांगितलं. एक जण म्हणाला, 'काका, मग रायण्णाला ठेवायचाच. तरुण होता की.' ठेवला.

मथळ्यावर शेवटी मतदान झालं. 'डेअरिंगबाज'ला तीन मतं, 'बालवीर'ला चार, 'धिटाई'ला सहा. मुलींनी एकगठ्ठा टाकली, त्यामुळे निकाल लागला. शहापूरच्या ताईंचं 'दिट्ट' पण खाली कन्नडमध्ये लिहायचं ठरलं, म्हणजे समोरच्या किराणा दुकानदाराचा नातूही वाचेल. यादीत हिरकणी आली, तीही 'धिटाई'तच बसते म्हणे. ती पोर नव्हती, तान्ह्या बाळाची आई होती, यावर पुन्हा अर्धा तास वाद.

रात्री फलक रंगवून झाला. सकाळी बघतो तर लाल रंगात, भलंमोठं : 'धीटाई'. मी म्हटलं, धीट दीर्घ, पण धिटाई ऱ्हस्व. गरीब, गरिबी तसं. पोरगी म्हणाली, 'पण काका, धीट लिहून मग नुसतं आई जोडलं.' वेलांटीवर पांढरा रंग मारलाय. वाळला की ऱ्हस्व काढायची आहे. तोवर फलकावर 'धटाई' दिसतंय, आणि आज्जी येता-जाता तेच वाचून हसतेय.